बिनपाण्याचं पाणी

कुंदा वारके हिने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. चित्र काही बदलले नाही. राखाडी पटावर ग्राफाइटचे काळे, वाकडेतिकडे पापुद्रे आणि त्यांच्यामधल्या जागेत अंगठ्याच्या ठशासारख्या दाट, बारीक रेषा. साच्यात ओतलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सावकाश निवले की त्याचे पोट असेच दिसते. पण ती पाहत होती तो भाग पोटातला नव्हता, अगदी कातडीजवळचा होता. आणि त्या कातडीवरून लेसरचा किरण फिरून गेला होता. तेथे या रेषांचा मागमूससुद्धा उरायला नको होता.

दिवाळीच्या सुटीमुळे जळगावचे महाविद्यालय सुने होते. धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत फक्त ती आणि तिचे मार्गदर्शक, प्राध्यापक पितांबर नेहेते. सरांनी मान वाकवून तोच नमुना पाहिला. त्यांनी घाई केली नाही. ते कधीच करत नसत.

"काही झालेलं नाही," ते म्हणाले. "याआधीच्या नमुन्यांतही नव्हतं. कुंदा, जे दिसलं ते लिहायचं असतं. दिसावंसं वाटतं ते नव्हे."

त्यांनी प्रबंधाच्या कच्च्या मसुद्यात आपल्या वळणदार अक्षरात वाक्य घातले: प्रस्तुत बीड लेसरने कठीण करण्यास अयोग्य आढळले.

"सर, 'अयोग्य' हा शब्द बिडाला लावायचा की माझ्या प्रयोगाला, हे अजून ठरलेलं नाही," कुंदा म्हणाली.

सर हसले, पण त्यांनी वाक्य खोडले नाही.

हे बीड धुळ्याचे होते. तिथल्या औद्योगिक वसाहतीत अभिमन पाटलांचा ओतकामाचा कारखाना होता. ते लेथच्या, म्हणजे धातू कातणाऱ्या यंत्राच्या, बेड ओतत. लेथचे सगळे अवजड अंग ज्या लांब बिडाच्या पाठीवर मागेपुढे सरकते ती पाठ म्हणजे बेड. ती झिजली की लेथ खोटे बोलू लागते. गोल काढायला जावे तो लंबगोल निघतो. तिला कठीण करावे म्हणून अभिमन आबांनी गॅसच्या ज्योतीने ती तापवून वर पाणी सोडून पाहिले होते. एक बेड धनुष्यासारखी वाकली, दुसरीला तडा गेला. अशा वेळी कुंदा त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, की वाकणार नाही, तडकणार नाही असा एक मार्ग आहे. तुमचेच बीड मला तपासायला द्या. आबांनी नुसते बीड दिले नाही, आपल्या गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगूनही ठेवले, की कॉलेज आमचे बीड तपासते आहे. आता त्या बिडाच्या नावापुढे 'अयोग्य' लागले, तर ती बातमी वसाहतीत पोचायला फार वेळ लागणार नव्हता. दोष बिडाला लागतो, पण नाव भट्टीवाल्याचे जाते.

टेबलाच्या कोपऱ्यात, कापसाच्या बोळ्यांमागे एक नमुना पडून होता. इंदूरच्या सरकारी प्रयोगशाळेतून लेसर फिरवून परत आलेल्या तुकड्यांपैकी हा एकच डागाळलेला होता; वर तपकिरी-निळसर भाजल्याच्या खुणा होत्या. हा खराब झाला, असे म्हणून तिने तो बाजूला टाकला होता. सर घरी गेल्यावर तिने तो उचलला. स्वच्छ तुकड्यांनी काही सांगितले नाही. निदान खराब तुकड्याला विचारावे.

एका डागावरूनच तिने तो कापला. एमरी कागदावर घासला, मखमलीवर चकचकीत केला, नायट्रिक आम्लाच्या पातळ द्रावात क्षणभर बुडवून धुतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला.

कातडीजवळ पांढरा पट्टा होता.

पट्ट्यात त्या ठशासारख्या रेषा नव्हत्या. त्यांच्या जागी गव्हाच्या कुसळांसारख्या बारीक सुया एकमेकींत घुसलेल्या होत्या. ज्यासाठी सगळा खटाटोप केला ते हेच! पण नमुना किंचित सरकवला आणि पट्टा संपला. पुढे तेच जुने राखाडी बीड. किरण तर सरळ रेषेत, न थांबता फिरला होता. मग त्याने इथे काम केले आणि बोटभर पुढे का केले नाही?

उरलेल्या तुकड्याची वरची बाजू तिने हलकेच घासली आणि आम्लाचा बोळा फिरवला. कठीण झालेले भाग वेगळ्या रंगात उमटले. किरणाच्या समांतर रेषांवर ते इथे-तिथे विखुरलेले होते. तिने ते कागदावर उतरवले, कापून गेलेल्या भागाची जागा मोकळी ठेवली, आणि पेन्सिलीने ठिपके जोडले. एक आडवी रेघ. तिला काटकोनात एक पाय. मग उभी रेघ, तिलाही पाय. परवाच तिने उंबऱ्यासमोर रांगोळीने हीच आकृती काढली होती.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्याच बसने पारोळ्यामार्गे धुळ्याला निघाली.

कारखान्यात भट्टी बंद होती. अंगणात अभिमन आबांची आई, मंजुळाबाई, सुपात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आबा साच्यांची लाकडी पेटारी दुरुस्त करत होते.

"या कुंदाताई! काय म्हणतं आमचं बीड? बिनपाण्याचं पाणी चढलं का?"

हा त्यांचा आवडता विनोद होता. लोखंडाला कठीण करणे म्हणजे त्याला पाणी देणे. लोहारही हेच म्हणतो, ओतारीही. कुंदाने पहिल्याच दिवशी सांगितले होते की या पद्धतीत पाणी लागत नाही. तेव्हा आबा म्हणाले होते, "म्हणजे धुळ्याच्या नळाला येतं तसं पाणी!" आणि सगळा कारखाना हसला होता.

"आबा, तुम्ही तुकडे इंदूरला नेण्याआधी त्यांना कुणी हात लावला होता का?"

"छे! तुमची चिठ्ठीच होती ना वर. 'पृष्ठभागाला हात लावू नये.' तिकडच्या माणसानंही ती वाचली आणि बोटसुद्धा न लावता तुकडे मशीनखाली ठेवले."

"मग हे काय आहे?" तिने कागद पुढे केला.

आबांनी कागद सरळ धरला, मग उलटा धरला. स्वस्तिक दोन्हीकडून स्वस्तिकच राहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"माय!" त्यांनी हाक मारली. "नवमीले कॉलेजना तुकडा तू धुवात का?"

"धुवात ना," मंजुळाबाई शेंगेवरची नजर न काढता म्हणाली. "बठ्ठा धुवात. तुन्हा हातोडा धुवात, सांडशी धुवात, ते तुकडाबी धुवात. काळाकिट्ट व्हतात! खंडेनवमीले लोखंड काळं ठेवतस का कोठे? राख लाई लाईसन घासात. आरसानागत करात."

"आन् कुंकू?"

"तेलमा कुंकू कालायं आन् स्वस्तिक काढं."

"बठ्ठासवर?"

"एकवरच. कुंकू सरी गयं. तुन्हा कारखानामा लोखंड का कमी शे?"

आबांनी कपाळावर हात मारला. कुंदा पायरीवर टेकली. तिला रडावे की हसावे ते कळेना. चकचकीत धातूवर पडलेला लेसर आरशावर पडलेल्या कवडशासारखा परततो. आत शिरतच नाही. म्हणून तिने नवमीच्या आधी इथेच प्रत्येक तुकड्याला ग्राफाइटचा काळा लेप दिला होता, पुण्याहून मागवलेल्या बाटलीतला. किरण पिऊन घेईल तो लेप. तोच म्हातारीने मळ समजून राखेने घासून काढला. तुकडे कोरे परतले तेव्हा लेप इंदूरला पुसला असेल, असेच कुंदाने धरले होते. जिथे तेल-कुंकवाचे बोट फिरले, तेवढ्याच जागी किरणाला आत जायला वाट मिळाली. आणि लेपाविषयी काहीच माहीत नसलेल्या इंदूरच्या माणसाने तिचीच चिठ्ठी शिरसावंद्य मानून कुंकवालाही हात लावला नाही.

मंजुळाबाईचे हात थांबले होते. दोघांच्या चेहऱ्यांवरून तिने ओळखले.

"मन्हा हातथीन तुन्हं वाटोळं व्हयनं का व माय?"

"नाही, अक्का." कुंदा तिच्याजवळ जाऊन बसली. "वाटोळं माझ्या चिठ्ठीनं केलं. हात लावू नये एवढंच लिहिलं. का लावू नये ते कुणालाच सांगितलं नाही. आणि तुमचं कुंकू नसतं तर चूक कुठे झाली तेही मला कळलं नसतं. मी बिडालाच दोष देऊन मोकळी झाले असते."

"म्हणजे आमचं बीड वाईट नाही?" आबांनी विचारले.

"असं मला वाटतं. पण ठिपक्यांवरून ते सिद्ध होत नाही, आबा. मला अखंड पट्टा दाखवायला हवा."

"पण मला एक समजत नाही. पाणी नाही, तेल नाही, मग तापलेलं लोखंड इतक्या झटकन निवतं कशानं?"

कुंदाने अंगणातला तांब्या उचलला आणि उन्हाने तडकलेल्या जमिनीवर थोडे पाणी ओतले. पाहता पाहता ते जिरले.

"उष्णता अशी जिरते. किरण फक्त कातडी तापवतो. खाली सगळं बीड थंड, तहानलेलं असतं. ते ती उष्णता ओढून घेतं. मधल्या क्षणात पापुद्र्यांतला कार्बन शेजारच्या लोखंडात शिरलेला असतो. त्याला परत फिरायला सवडच मिळत नाही. तो आत अडकतो, लोखंड ताठरतं. त्या पांढऱ्या पट्ट्यातल्या सुया म्हणजे तेच ताठरलेलं लोखंड. बिडानं बिडालाच पाणी दिलं म्हणा."

आबा ओल्या मातीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे सोपं आहे. हे आधी का नाही सांगितलं?"

निघताना तिने त्यांच्याकडून उरलेले ताजे घासलेले तुकडे घेतले, आणि साच्यांना चोळण्यासाठी ठेवलेल्या ग्राफाइटच्या भुकटीची एक पुडी.

इंदूरला फोन लागायला बराच वेळ गेला. तिथले लेसरचे प्रमुख डॉ. मुळे इंदूरचेच मराठी होते. त्यांच्या बोलण्यात निम्मी हिंदी मिसळलेली असे. सगळी हकीकत ऐकून ते मोठ्याने हसले.

"कुंदाजी, तुम्ही तर आमच्या मशीनला आरसा दाखवला! मी टूरवर होतो हो, नाही तर तेव्हाच टोकलं असतं. पण बघा, मशीन फार बिझी आहे. पुढच्या आठवड्यात एक सकाळ देतो. त्यात झालं तर झालं. नाही तर तुमचे सर म्हणतात तेच लिहा."

एक सकाळ. आणि लेपाची बाटली तर संपलेली. पुण्याहून दुसरी यायला महिना लागला असता. नुसती भुकटी पाण्यात कालवून लावली तर वाळताच झडून जाई. डिंकात कालवली तर तिच्या पोपड्या निघत. दोन दिवस धडपडून ती वैतागली आणि सावद्याजवळच्या आपल्या गावी गेली.

केळीच्या बागेत तिचे वडील, कौतिक वारके, घड उतरवत होते. बांधावर त्यांचा विळा पडला होता. कुंदाने तो सहज उचलला. पाते काळेनिळे होते. लोखंडाला केळीचा चीक लागला की ते असेच होते. लहानपणीच्या तिच्या एकूण एक परकरांवर त्या चिकाचे डाग होते, आणि आईने कितीही आपटले तरी त्यांतला एकही निघाला नव्हता.

तिने विळा नखाने खरवडून पाहिला. मग ताज्या खुंटातून पाझरणारा चीक वाटीत धरला, त्यात ग्राफाइटची भुकटी कालवली आणि बिडाच्या एका तुकड्यावर बोटाने पातळ फासली. दुपारपर्यंत लेप वाळला. मग ती चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन मंजुळाबाईसारखी तो घासायला बसली.

कौतिकभाऊ घड खांद्यावर घेऊन थबकले. "काय करू राह्यली व तू?"

"हा डाग जातो का ते पाहते, भाऊ."

"केयीचा डाग? जलम जाईन, पन तो नाही जायाचा." त्यांनी घड खाली ठेवला. "डाग ऱ्हावा म्हनून घासनारी मात्र तू पह्यलीच."

डाग राहिला.

इंदूरच्या प्रयोगशाळेत डॉ. मुळ्यांनी तुकडा नाकाशी नेला. "हे काय लावलंत?"

"केळीचा चीक आणि ग्राफाइट."

"बाप रे," असे म्हणून त्यांनी तो यंत्राखाली ठेवला.

किरण डोळ्यांना दिसत नव्हता. दिसली ती बिडावर पेटलेली एक पांढरी ठिणगी. ती सरळ पुढे सरकत गेली आणि विझली. कुंदाने तुकडा हातात घेतला. लेप पुरता जळला होता, आणि त्याखाली बीड वितळून मेणाच्या ओघळासारखे उंचसखल झाले होते. भिंगातून पाहिले तेव्हा त्यावर केसासारखा आडवा तडाही दिसला.

"हे तर मेल्ट झालं," डॉ. मुळे म्हणाले. "मागच्या वेळचीच पॉवर ठेवली होती मी."

कुंदाचे मन खचले. पण हात थांबले नाहीत. पृष्ठभाग वितळला तर ग्राफाइट सगळेच विरघळते आणि झपाट्याने थिजताना त्याचे पांढरे, ठिसूळ बीड बनते. ते कठीण असते, पण काचेसारखे. अशी बेड पहिल्याच दणक्याला फुटेल. तिने स्वतःलाच विचारले: मागच्या वेळी हीच शक्ती होती, आणि कुंकवाखाली बीड वितळले नव्हते. मग आता का? लेप कुंकवापेक्षा अधिक पितो म्हणून. याचा अर्थ दोष लेपाचा नाही, उलट तो हवा त्याहून चांगला आहे.

"शक्ती कमी करा, सर."

दुसऱ्या खेपेला शक्ती इतकी उतरली की बिडावर नुसती सावली पडल्यासारखी खूण झाली. डॉ. मुळ्यांनी घड्याळाकडे पाहिले. पुढच्या प्रयोगाची माणसे दारात येऊन उभी होती.

"या दोन्हींच्या मधली," कुंदा म्हणाली. "आणि किरण थोडा सावकाश न्या."

"सावकाश नेला तर परत मेल्ट होईल."

"नाही व्हायचं. शक्ती कमी आहे. उष्णतेला आत उतरायला जरा अवधी द्या, एवढंच."

डॉ. मुळ्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि दारातल्या माणसांना हाताने थांबवले. "रुकिए जरा."

तिसरा पट्टा राखाडी, सपाट, शांत निघाला. ओघळ नाही, तडा नाही. डॉ. मुळ्यांनी न विचारता चौथा तुकडाही त्याच मापावर फिरवला, पाचवाही.

जळगावला परतल्यावर तिने कोणताच तुकडा लपवला नाही. वितळलेला, फिका पडलेला आणि साधलेला, असे सगळे घासून नेहेते सरांसमोर क्रमाने ठेवले. सर खुर्ची ओढून बसले. पहिल्या तुकड्यात पापुद्रे नाहीसे झाले होते आणि पांढऱ्या थिजलेल्या थरातून तडा गेला होता. सरांनी मान हलवली. तिसऱ्यापाशी ते बराच वेळ थांबले. वरती सुयांचा अखंड पांढरा पट्टा. त्यात ग्राफाइटचे काळे पापुद्रे जागच्या जागी. फक्त कडा किंचित झिजलेल्या, जणू आपल्यातला कार्बन त्यांनी शेजाऱ्यांना वाटला होता. त्याखाली धूसर सीमा, आणि सीमेखाली ते जुने, ठशासारख्या रेषांचे बीड, ज्याला वरच्या उलथापालथीची वार्ताही नव्हती.

"कठीणपणा मोजलास?"

"मोजला. हिऱ्याच्या टोकाचा ठसा खालच्या बिडात मोठा उमटतो. पट्ट्यात त्याच्या निम्माही नाही."

सर पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकले. मग सरळ झाले, मसुदा उघडला आणि 'अयोग्य' या शब्दावर एक रेघ मारली. नुसता शब्द खोडून ते थांबले नाहीत. "वितळलेल्याचंही लिही," ते म्हणाले. "आणि धुतलेल्यांचंही. कुणीतरी पुन्हा घासणार आहे, कुंदा. त्याला हे आधी ठाऊक असलं पाहिजे."

धुळ्याला ती एक तुकडा मुद्दाम घेऊन गेली. त्याच्या अर्ध्या भागावर पट्टा होता, अर्धा कोरा होता, आणि दोन्हींच्या कडेने काळा लेप अजून चिकटून होता. भट्टी चालू होती. तिच्या धगीत आबांचा चेहरा तांबूस दिसत होता. त्यांनी तुकडा पकडीत आवळला आणि भिंतीवरची कानस काढली. ओतकामाच्या माणसाला कुणाच्या मोजमापापेक्षा कानशीचा भरवसा अधिक.

कोऱ्या भागावर कानस खर्रकन चावली. बिडाचा काळा भुगा खाली पडला. आबांनी तीच कानस पट्ट्यावर टेकवली आणि तितकाच जोर दिला. कानस सरकली. त्यांनी पुन्हा जोर लावला, खांदा घालून. बर्फावरून जावी तशी ती पुन्हा सरकली आणि एक बारीक, किनरा आवाज भट्टीच्या घरघरीवर उमटला. कामावरची माणसे थांबून पाहू लागली.

आबांनी कानस खाली ठेवली. त्यांनी तुकडा पकडीतून सोडवून आईच्या हातात दिला.

"माय, चढनं पानी."

मंजुळाबाईने तुकडा दोन्ही हातांत घेतला. देवाचा टाक धरावा तसा, बोटे अगदी कडांना. तिने तो उजेडात फिरवून पाहिला. काळ्या लेपाकडे तिची नजर पुन्हा पुन्हा जात होती. शेवटी राहवले नाही तेव्हा तिने कुंदाकडे मान वळवली आणि हळूच विचारले,

"पोरी, आते धुवू का?"

"धुवा, अक्का," कुंदा म्हणाली. "पण तो केळीचा डाग आहे."

म्हातारीने पदर खोचला आणि राखेचे भांडे आणायला ती आत गेली.